बहुरूप्याचा कैवार

गेल्या वर्षी गणेशोत्सवापूर्वी दीड महिना आमच्या मंडळाच्या कार्यकारिणीची बैठक भरली होती. मंडळाचे नाव मी सांगत नाही. दिल्लीत आणि तिला चिकटलेल्या नोएडा, गुरुग्राम, गाझियाबाद या शहरांत मराठी मंडळे इतकी आहेत की वाचकांनी आपापल्या मंडळाचे नाव येथे घालून वाचले तरी तपशिलात फारसा फरक पडणार नाही. दहा दिवसांचा कार्यक्रम ठरत होता. एक संध्याकाळ नाट्यसंगीताची, एक भावगीतांची, एक मंगळागौरीच्या खेळांची, एक मुलांच्या वेषभूषा-स्पर्धेची, अशी वाटणी होता होता सातवी रात्र मोकळी उरली. तिच्यासाठी मी एक नाव सुचविले. मुलगी आपल्यापैकीच एका अधिकाऱ्याची, सरकारी वसाहतीत लहानाची मोठी झालेली, वयाने चोवीसची; आणि व्यवसायाने डीजे.

"काय वाजवते ती?" एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले.

"हाऊस वाजवते, ड्रम अँड बेस वाजवते, साहेब. मध्येच लावणी आणते, कोळीगीत आणते. लग्नसराईत भांगडाही वाजवते."

"म्हणजे सगळंच वाजवते."

"हो, सगळंच."

"मग काहीच वाजवत नाही, असं म्हणा ना!"

बैठक हसली. हशा हा सभेतील सर्वांत स्वस्त ठराव. त्याला सूचक लागतो, अनुमोदक लागत नाही. मुलीचे नाव तेथेच गळाले आणि चहा आला. मीही चहा प्यालो. त्या वेळी जे उत्तर मला सुचले नाही ते आज सविस्तर देत आहे. प्रश्न त्या एका मुलीपुरता असता तर लेखणी उचलण्याचे कारण नव्हते. 'सगळे म्हणजे काहीच नाही' हे वाक्य आपण ज्यांच्या ज्यांच्या तोंडावर फेकतो त्यांची यादी फार मोठी आहे, आणि त्या यादीत आपण स्वतःही येतो.

प्रथम प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्या पूर्ण बळानिशी मांडले पाहिजे. तो म्हणतो : कला ही एकनिष्ठेने साध्य होते. गवई एका घराण्याची तालीम वर्षानुवर्षे घेतो, तेव्हा कोठे त्याच्या षड्जाला वजन येते. जो आज टेक्नो, उद्या ट्रान्स, परवा भांगडा वाजवितो त्याला कोणतेच दैवत नाही. वारा येईल तशी त्याची पाठ फिरते. दुसरे असे की, हा बदल कलेच्या गरजेतून होत नाही, गिऱ्हाइकाच्या मर्जीतून होतो. आणि तिसरे, ठोके जुळविण्याचे काम आता यंत्रच करीत असल्यामुळे या मनुष्याचे कर्तृत्व ते काय?

हे आक्षेप क्षुल्लक नाहीत. एकाच प्रकारात वर्षानुवर्षे खोल उतरलेले डीजे आहेत आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे. या दिल्लीतच जलेबी कार्टेल या नावाचा संघ उभा राहिला. त्यातील अर्जुन वागळे पुढे टेक्नो या एका बाजाशी जखडून राहिले आणि परदेशांतही नावाजले गेले. खोलीची थोरवी कोणी नाकारीत नाही. माझा आक्षेप आहे तो विहीर खणणाऱ्याने नदीला उथळ म्हणण्यास.

आता पहिल्या आक्षेपाकडे वळू. ज्या शुद्ध प्रकारांशी एकनिष्ठ राहावे असा आग्रह आहे, ते प्रकार आले कोठून?

'हाऊस' घ्या. शिकागो शहरात १९७७ साली 'वेअरहाऊस' नावाचा एक क्लब सुरू झाला. तेथे न्यूयॉर्कहून आलेला फ्रँकी नकल्स हा तरुण तबकड्या लावीत असे. नाचायला येत ते बहुतांशी कृष्णवर्णीय आणि समलिंगी तरुण. शहराने ज्यांना आपल्या अनेक दारांबाहेर ठेवले होते असे. नकल्स त्यांच्यासाठी डिस्को लावी, त्यात काळ्या लोकांचे सोल मिसळी, युरोपातील सिंथेसायझरची यांत्रिक गाणी आणी, गाण्याचा आवडता तुकडा लांबवी, खाली ठोक्याचे यंत्र जोडी. या मिश्रणाला गिऱ्हाइकांनी क्लबच्या नावावरून 'हाऊस' म्हटले. त्याच शिकागोत १२ जुलै १९७९ रोजी रॉक संगीताच्या एकनिष्ठ भक्तांनी बेसबॉलच्या मैदानावर डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग रचून तो स्फोटाने उडवून दिला. एकनिष्ठांनी तबकड्या फोडल्या. सगळेच वाजविणाऱ्याने त्याच जातीच्या तबकड्या उचलून एक नवे संगीत उभे केले. आज जो कोणी 'आम्ही शुद्ध हाऊसवाले' म्हणून छाती काढतो तो त्या खिचडीच्या पातेल्यातूनच जेवत असतो.

ड्रम अँड बेसची कुळकथा अशीच. १९६९ साली अमेरिकेतील 'द विन्स्टन्स' या वाद्यवृंदाने 'आमेन, ब्रदर' नावाची तबकडी काढली. तिच्यात ढोलांचा जेमतेम सहा-सात सेकंदांचा एक एकल तुकडा आहे. वीस वर्षांनंतर इंग्लंडमधील तरुणांनी तो तुकडा कापला, वेग वाढविला, जमैकन वस्त्यांतील डबचा खर्ज त्याच्याखाली घातला, टेक्नोचे सूर वर पसरले, आणि त्यातून एक नवी जातकुळी जन्मली.

आणि दूर कशाला? आपला गोवा घ्या. १९८० नंतरच्या दशकात हणजुणे येथील किनाऱ्यावर रात्रभर नाच चालत. लॉराँ नावाचा फ्रेंच डीजे युरोपातून येणाऱ्या नाना जातींच्या गाण्यांतील शब्दांचे भाग कापून टाकी, वाद्यांचे भाग एकापुढे एक जोडी, आणि हे सारे साध्या कॅसेटवर करी. पुढे गोवा गिल हा अमेरिकन डिजिटल टेपवर वाजवी. उन्हाने तबकड्या वाकतात तेथे टेपच सोयीची. ज्याला जे हाती लागले ते त्याने घेतले. पहाटेपर्यंत नाचणाऱ्यांचे पाय हीच कसोटी. १९९० नंतरच्या दशकात युरोपच्या बाजारात याच मिश्रणावर 'गोवा ट्रान्स' अशी चिठ्ठी डकविण्यात आली आणि मग तिचेही सोवळे सुरू झाले. आजचे सोवळे हे कालचे ओवळेच असते, एवढे ध्यानात आले तरी पहिल्या आक्षेपाची अर्धी हवा निघून जाते.

सोवळ्याची किंमत काय पडते याचे एक उदाहरण मुंबईचे आहे. सिनेसंगीतात गिटार वाजविणारे चरणजित सिंग यांनी १९८२ साली जपानी बनावटीची तीन यंत्रे घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजविले आणि त्याची तबकडी निघाली. रागवाल्यांना ती डिस्को वाटली, डिस्कोवाल्यांना राग वाटली. दोन्ही घरांच्या मध्ये ती पडून राहिली. २०१० साली ती पुन्हा निघाली तेव्हा जगाने डोळे विस्फारले. 'ॲसिड हाऊस' म्हणून जो प्रकार शिकागोत पाच वर्षांनी निघाला त्याचेच नाद तिच्यात होते. चरणजित सिंग २०१५ साली वारले. अठ्ठावीस वर्षे ही तबकडी अडगळीत पडली ती तिचा खण कोणता हे कोणाला ठरविता येईना म्हणून.

दिल्लीचाही या कथेत वाटा आहे. गौरव रैना आणि तपन राज या दोघा दिल्लीकरांनी १९९७ च्या सुमारास 'मिडिव्हल पंडित्झ' हे नाव घेऊन सारंगी, ठुमरी, तबला यांची सांगड यंत्रनादाशी घातली. २००२ साली त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका अमेरिकेतून निघाली. त्यांच्याबरोबर पुढे अनेकदा वाजविणारे कर्ष काळे हे इंग्लंडमध्ये जन्मले, न्यूयॉर्कला वाढले. तबला, ड्रम आणि डीजेचे यंत्र यांपैकी त्यांचे खरे वाद्य कोणते, असा प्रश्न त्यांच्या श्रोत्यांना पडत नाही. तो आम्हा समित्यांनाच पडतो.

येथवर परक्यांच्या साक्षी झाल्या. आता घरच्यांच्या घेऊ.

ज्या नाट्यसंगीताची संध्याकाळ आम्ही दरवर्षी पहिल्या दिवशी ठेवतो, ते कोणत्या एका घराण्याचे? १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले तेव्हा त्यात साकी होती, दिंडी होती, लावणीच्या चाली होत्या, कर्नाटकी चाली होत्या. १९११ साली 'मानापमाना'ला गोविंदराव टेंब्यांनी चाली दिल्या त्या उत्तरेकडील ठुमरी-दादऱ्याच्या ढंगाने. पाच वर्षांनी 'स्वयंवरा'त भास्करबुवा बखल्यांनी भरदार रागदारी आणली. तीन नाटके, तीन बाज. आणि आज आम्ही त्या साऱ्याला एकच सोज्ज्वळ नाव देऊन तक्क्याला टेकून ऐकतो. तमाशाची बांधणी पाहा. आधी गण, मग गौळण, मग बतावणी, शेवटी वग. भक्ती, शृंगार, थट्टा आणि कथा या चार मुलखांतून एका रात्रीत प्रेक्षकाला फिरवून आणायचे, आणि कोठेही त्याला गाडी बदलल्याचा धक्का बसू द्यायचा नाही, हे आपल्या शाहिरांना साधले होते. कीर्तनकार पूर्वरंगातून उत्तररंगात जातो, अभंगातून आर्येत, आर्येतून फटक्यात. त्याला कोणी म्हणाले काय, की बुवा, आपण सगळेच म्हणता, म्हणजे काहीच म्हणत नाही? बुवा दुसऱ्याचे अभंग गातात म्हणून त्यांचे कर्तृत्व शून्य, असेही कोणी म्हटल्याचे माझ्या ऐकण्यात नाही. डीजेला मात्र हा हिशेब लावला जातो.

आणि सर्वांत मोठी साक्ष डॉ. वसंतराव देशपांडे यांची. ती मी मुद्दाम शेवटी ठेवली, कारण हे गृहस्थ आमच्या पेशातले. कित्येक वर्षे त्यांनी लष्करी हिशेब खात्यात कारकुनी केली. नागपुरास शंकरराव सप्रे, लाहोरास असद अली खाँ, पुढे सुरेशबाबू माने, अमान अली खाँ. जेथे विद्या दिसली तेथे त्यांनी गंडा बांधला. ख्याल गायले, ठुमरी गायले, गझल, लावणी, नाट्यपद गायले. हे कोणत्या घराण्याचे, हा प्रश्न त्यांनाही आयुष्यभर विचारला गेला. १९६७ साली 'कट्यार काळजात घुसली' रंगभूमीवर आले. घराण्याच्या अभिमानाने अंध झालेल्या खाँसाहेबांची भूमिका या घराणे नसलेल्या गायकाने केली, आणि प्रश्नच मिटला. आमच्या कार्यकारिणीतील प्रत्येकाकडे त्या पदांचे ध्वनिमुद्रण आहे. त्यांची पुण्यतिथी आम्ही साजरी करतो, आणि त्यांना जो प्रश्न विचारून छळले गेले तोच प्रश्न एका चोवीस वर्षांच्या मुलीस विचारून हसतो.

कोणी म्हणेल, वसंतराव कोठे आणि लग्नातला डीजे कोठे! तुलना माणसांची नाही, न्यायाची आहे. थोरांना एक कायदा आणि लहानांना दुसरा, हे कोणत्या संहितेत बसते? तरीही हा माणूस नेमके काय करतो, हे पाहिल्याशिवाय निवाडा नको. महाराष्ट्रात तर 'डीजे' हा शब्द आता ध्वनिक्षेपकांच्या भिंतीलाच लावतात. 'मिरवणुकीत डीजे होता' म्हणजे गाडीवर कर्ण्यांची चळत होती. भाषेने माणूस गिळून यंत्र शिल्लक ठेवले! म्हणून आधी त्या माणसाला त्या भिंतीमागून बाहेर काढू.

हाऊसचे ठोके मिनिटाला साधारण १२० ते १२८ असतात. भांगड्याचे शंभराच्या आसपास. ड्रम अँड बेसचे १७० ते १७५. या व्यवसायात ज्या टेक्निक्स बनावटीच्या तबकडीयंत्राने राज्य केले त्याची चाल दोन्ही बाजूंना आठ टक्क्यांपर्यंत बदलता येते. आता हिशेब करा. शंभर ठोक्यांचा भांगडा आठ टक्क्यांनी वाढविला तर १०८ वर पोहोचतो; १२० चे हाऊस आठ टक्क्यांनी उतरविले तरी ११० च्या खाली येत नाही. सांधा जुळत नाही. म्हणून तेथे वाट शोधावी लागते. एखादा नुसत्या आवाजाचा, ठेका नसलेला तुकडा मध्ये टाकायचा, तो विरत असताना खालून नवा ठेका उचलायचा. किंवा दुपटीचा मार्ग : १७४ चे निम्मे ८७. सावकाश चाललेल्या ८७ ठोक्यांच्या गाण्याखालून दुप्पट वेगाचे ढोल हळूच सुरू करायचे, की नाचणाऱ्याच्या पायांना कळण्याआधी मुलूख बदललेला असतो. ठायीतून दुगुणीत जाणाऱ्या पखवाजियाला हे समजावून सांगावे लागणार नाही.

कोळीगीताचे कोडे आणखी अवघड. त्याचा झोका सहा मात्रांचा, आणि हाऊसचा ठोका चारचा. मग चार ठोक्यांपैकी प्रत्येकाचे तीन तीन भाग करायचे म्हणजे बारा होतात, आणि त्यांत सहाची दोन आवर्तने बरोबर बसतात. ज्याला हे अंगात भिनलेले नाही त्याचे कोळीगीत लंगडते. शिवाय दोन गाण्यांचे षड्ज एकमेकांस मानवले पाहिजेत. षड्ज-पंचम किंवा षड्ज-मध्यम नाते असेल तर सांधा गोड होतो, नाहीतर कानात वाळू जाते. यंत्र ठोके जुळविते हे खरे. पण पुढचे गाणे कोणते, आणि समोरच्या माणसांना ते आत्ता हवे आहे की दहा मिनिटांनी, हे यंत्राला कोण सांगणार? तिसरा आक्षेप मी येथेच निकालात काढतो. टंकलेखन यंत्राने अक्षरे सुबक येतात; टिपणी कोणती करायची हे यंत्र ठरवीत नाही, हे आम्हा कारकुनांना तरी कोणी शिकवू नये.

गेल्या हिवाळ्यात एका सहकाऱ्याच्या मुलीचे लग्न छतरपूरच्या एका फार्महाऊसवर होते. थंडी मरणाची, आणि शेगडी नेमकी डीजेच्या चौथऱ्याशेजारी. म्हणून मी तीन तास त्याच्या बाजूला उभा होतो. उत्तमनगरचा पंचविशीतला पोरगा. वऱ्हाड नागपूरचे, वधूपक्ष लुधियान्याचा, कार्यालयातली मंडळी बंगाली, तमिळ, बिहारी. जेवणे चालू होती तोवर त्याने वाद्यांचे मंद सूर ठेवले. वरमाला झाली आणि त्याने पंजाबी ढोल काढला. वडीलधारे उठेनात, तेव्हा राहुलदेव बर्मन आले आणि चार टक्कल पडलेले मामा कोट काढून मैदानात उतरले. मग चुलतभावंडांसाठी हरयाणवी. नागपूरकर भिंतीला टेकून उभे होते. त्याने त्यांच्याकडे एकदा पाहिले आणि 'सैराट'मधले 'झिंगाट' लावले. भिंत रिकामी झाली. तेथून तो हाऊसवर गेला, आणि मला आश्चर्य वाटले ते हे की लुधियाना आणि नागपूर दोघेही त्याच्या पाठोपाठ गेले. मी त्याला विचारले, हे ठरवून आला होतास काय? तो म्हणाला, फक्त पहिले आणि शेवटचे गाणे ठरवून येतो. बाकीचे लोकांच्या पायांकडे आणि खुर्च्यांकडे पाहून. चूक झाली तर दोन मिनिटांत फ्लोअर रिकामा होतो, असेही तो म्हणाला.

दुसरा आक्षेप गिऱ्हाइकाच्या मर्जीचा. तो अगदीच खोटा नाही, आणि कैवार घेतला म्हणून मी तो लपविणार नाही. बदलणाऱ्यांत दोन जाती आहेत. एक जो ऋतू पाहून पाटी बदलतो. ज्याचा भाव चढला ते दोन महिने वाजवायचे, त्याची तालीम करायची नाही, आणि भाव उतरला की टाकून द्यायचे. त्याच्या हाती लावणी म्हणजे मसाला आणि कोळीगीत म्हणजे तोंडी लावणे. हा सोंगाड्या आहे, बहुरूपी नव्हे. याच्यावर हवे तेवढे कोरडे ओढा, मी हात धरणार नाही. कर्ण्यांच्या भिंती रचून म्हाताऱ्याकोताऱ्यांचे काळीज हलविणाऱ्यांचीही मी बाजू घेत नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत. रात्री दहानंतर कर्णा बंद, ही अट सर्वांना सारखी. पण आवाज किती असावा हा एक प्रश्न आणि वाजवावे काय हा दुसरा; एकाचा राग दुसऱ्यावर काढणे ही वादातली लबाडी आहे.

दुसरी जात खऱ्या बहुरूप्याची. आपल्या गावोगाव हिंडणारा बहुरूपी पोलिसाचे सोंग आणी तेव्हा गावचा पाटील क्षणभर सावरून बसे. त्या क्षणासाठी त्याने पोलिसाची चाल वर्षभर न्याहाळलेली असे. डीजेचीही कसोटी हीच. प्रत्येक बाजाचा अंगचा ठेका त्याला येतो काय? एका बाजातून दुसऱ्यात जाण्याची वाट तो बांधतो काय? आणि समोरच्या माणसांना तो उत्तरदायी आहे काय? उदयन सागर यांना लोक 'न्यूक्लिया' म्हणून ओळखतात. बंदिश प्रोजेक्ट या संघातून ते आले, आणि रस्त्यावरचे बँडबाजे, दक्षिणेकडील ढोल, पंजाबी स्वर असे काय काय त्यांनी खर्जाच्या जाड आवाजावर चढविले. २०१५ साली 'बास रानी' ही त्यांची ध्वनिमुद्रिका मुंबईत गणेशविसर्जनाच्या गर्दीत प्रकाशित झाली. ज्या रस्त्यावरून सूर उचलले त्याच रस्त्यावर ते परत नेऊन दाखविले. गिऱ्हाइकाची मर्जी राखणे निराळे आणि रसिकाला हिशेब देणे निराळे. हा मला हिशेब वाटतो.

आता एक अप्रिय गोष्ट बोलतो. ज्या ज्येष्ठ सभासदांनी 'मग काहीच वाजवत नाही' असे म्हटले, त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे. ते सहसचिव म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या सेवापुस्तकात मत्स्यव्यवसाय आहे, पोलाद आहे, वस्त्रोद्योग आहे, आणि मध्ये तीन वर्षे राज्यात जिल्ह्याचा कारभार आहे. निरोप-समारंभात आम्ही त्यांना 'बहुआयामी अनुभवाचे धनी' म्हटले. कोणी म्हटले नाही की साहेब, आपण सगळेच पाहिले, म्हणजे काहीच पाहिले नाही. माझी स्वतःची गोष्ट घ्या. बारा वर्षांच्या नोकरीत तीन मंत्रालये झाली. खतांच्या अनुदानाच्या नस्तीवरून बंदरांच्या नस्तीवर मला एका सोमवारी बसविण्यात आले; तालीम म्हणून एक जुने परिपत्रक मिळाले. आपली सारी सेवाच या तत्त्वावर उभी आहे की सुबुद्ध मनुष्य कोणत्याही खुर्चीवर बसू शकतो. १९६८ साली विलायतेत फुल्टन समितीने या तत्त्वावर झोड उठविली. आपल्याकडे २०१८ पासून बाहेरचे तज्ज्ञ थेट सहसचिवपदी घेण्याचा प्रयोग सुरू झाला, तेव्हा आपल्यापैकी कित्येकांनी सर्वगामी अधिकाऱ्याची थोरवी तासतास सांगितली. समन्वय, व्यापक दृष्टी, एका खात्याचा अनुभव दुसऱ्यात उपयोगी पडणे, हे सारे युक्तिवाद मी पाठ म्हणून दाखवू शकेन. त्यांतला एकही असा नाही जो त्या मुलीला लागू पडत नाही.

उलट तिच्या बाजूने एक जास्तीचा आहे. तिचे चुकले तर दोन मिनिटांत फ्लोअर रिकामा होतो. आमचे चुकले तर नस्ती सहा महिने पडून राहते, आणि ज्याचे काम अडले त्याला फ्लोअर सोडून जाण्याची सोय नसते. तीन बाज शिकून, सांधे बांधून, समोरच्याच्या पायांकडे पाहत काम करणाऱ्या माणसाला हसण्याचा अधिकार, न शिकता तीन खुर्च्या बदलणाऱ्या माझ्यासारख्याला नक्कीच नाही.

आणि हसून आम्ही गमावतो काय? येथे मूळ दुखण्यावर बोट ठेवतो. दिल्लीतल्या आपल्या घरांत वाढणारी मुले घरात मराठी बोलतात, जिन्यात हिंदी, शाळेत इंग्रजी, आणि मैदानावर पंजाबीचा तडका दिलेली एक चौथीच भाषा. सुटीत ती पुण्या-साताऱ्याला गेली की चुलते म्हणतात, 'यांचं ना धड मराठी, ना धड हिंदी.' सगळे म्हणजे काहीच नाही! तेच वाक्य, तोच हशा. त्या मुलांनी तो हशा ऐकलेला आहे, आणि त्यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष आपल्याला परवडणारा नाही. शुद्ध मराठी जमत नसेल तर मराठीच नको, असे ती मनाशी ठरवितात. नाट्यसंगीताच्या संध्याकाळी ती येत नाहीत. भावगीतांच्या संध्याकाळी आईने ओढून आणलेली दोघेतिघे मागच्या रांगेत असतात. आमची सातवी रात्र ही दहा दिवसांतली एकच अशी रात्र होती की जीत त्यांना आपल्या साऱ्या भाषा घेऊन एका मांडवात येता आले असते, आणि कोळीगीतातून ड्रम अँड बेसमध्ये जाताना मराठीला मागे ठेवावे लागले नसते.

त्या रात्री काय झाले तेही सांगतो. समितीने ऐनवेळी एका जुन्या ध्वनिचित्रफितीचा कार्यक्रम ठेवला. सभागृहात चाळीस खुर्च्या, त्यांवर चौदा माणसे. मी पाणी प्यायला बाहेर आलो तो पायऱ्यांवर मुलांचा घोळका. एका भ्रमणध्वनीवर 'तांबडी चामडी' चालले होते. क्रेटेक्स या नावाने वाजविणाऱ्या मराठी डीजेने श्रेयस सागवेकर याच्यासह २०२४ साली काढलेले हे गाणे. हाऊसच्या ठोक्यावर चढविलेले ठसठशीत मराठी, नेदरलँड्समधील स्पिनिन रेकॉर्ड्सने जगभर पोहोचविलेले. या प्रकाराला तो 'एम-हाऊस' म्हणतो. एम म्हणजे मराठी. पायऱ्यांवर सातजण नाचत होते. त्यांतले दोन शेजारच्या इमारतीतले सरदारजींचे मुलगे होते, आणि तेही शब्द बिनचूक म्हणत होते. आत मराठी संस्कृतीचे जतन चालू होते. बाहेर मराठी चालू होती.

यंदाच्या बैठकीची सूचना परवाच हाती आली. विषयपत्रिकेवर सातव्या रात्रीपुढे पुन्हा रिकामी जागा आहे. मी तेच नाव पुन्हा सुचविणार आहे. 'काय वाजवते ती?' असे साहेबांनी पुन्हा विचारले, तर सांगेन की समोर कोण आले आहे ते पाहून ती ठरवते. तेव्हा, साहेब, त्या रात्री आपण जरा पुढच्या रांगेत येऊन बसावे, म्हणजे आपल्यासाठीही ती एखादे नाट्यपद शोधून ठेवील.